फटकेबाजाचा पडता काळ

बेसबॉल हा अमेरिकेचा राष्ट्रीय खेळ आहे एवढे आपल्याकडे बहुतेकांना ठाऊक असते. त्यापलीकडे सहसा कोणी जात नाही. आपले मन क्रिकेटमध्ये गुंतलेले असते. तथापि क्रिकेटच्या रसिकाला पुरेपूर परिचयाची असलेली एक गोष्ट बेसबॉलच्या जगात फार बारकाईने अभ्यासली गेली आहे. एखादा कोवळा पोरगा संघात येतो, पहिल्या काही आठवड्यांत चेंडू थेट प्रेक्षकांत भिरकावून देतो, वर्तमानपत्रे त्याला डोक्यावर घेतात. आणि हंगाम निम्म्यावर येतो न येतो तोच त्याची बॅट मुकी होते. काल टाळ्या वाजविणारेच आज हुर्यो करू लागतात. अशा वेळी संघाच्या चालकांपुढे मोठा बिकट प्रश्न उभा राहतो. ही केवळ चार दिवसांची ओहोटी आहे, की मुळात पाणीच एवढे होते? एकोणीस-वीस वर्षांच्या मुलाचे पुढचे सारे आयुष्य या प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून असते.

या प्रश्नाचे सर्वांत बोलके उदाहरण मिकी मँटल या खेळाडूचे आहे. मात्र ते समजण्यासाठी खेळाची थोडी ओळख हवी. बेसबॉलची बॅट सपाट नसून मुसळासारखी गोल असते, आणि चेंडूही गोलच. चेंडू फेकणारा, म्हणजे पिचर, फलंदाजापासून साडेसाठ फुटांवर उभा राहतो. क्रिकेटच्या बावीस यार्डांहून हे अंतर किंचित कमीच. चेंडू टप्पा न पडता सरळ येतो. ताशी नव्वद मैलांच्या वेगाने फेकलेला चेंडू फलंदाजापाशी पोहोचण्यास सेकंदाचे सुमारे चार दशांश लागतात. तेवढ्या अवधीत तो ओळखायचा, मारावयाचा की सोडावयाचा हे ठरवायचे आणि मुसळ फिरवायचे. मारण्याजोगे तीन चेंडू हुकले की फलंदाज बाद. याला स्ट्राइक-आउट म्हणतात. उलट, आवाक्याबाहेर टाकलेले चार चेंडू त्याने संयमाने सोडून दिले, तर त्याला पहिल्या ठाण्यावर फुकट चालत जाण्याचा हक्क मिळतो, हा वॉक. कुंपणापलीकडे गेलेला फटका म्हणजे होम रन. फलंदाजाची योग्यता दर हजारी मोजतात. हजार संधींत तीनशे वेळा यशस्वी फटका मारणारा उत्तम समजला जातो. म्हणजे दहांपैकी सात वेळा अपयश घेऊन परतणाराही येथे मोठा गणला जातो. चारशेचा टप्पा एका हंगामात यापूर्वी टेड विल्यम्सने १९४१ मध्ये ओलांडला, ४०६ ची सरासरी ठेवून. त्यानंतर अमेरिकन किंवा नॅशनल लीगमध्ये ते कोणालाही साधलेले नाही.

मिकी मँटलचा जन्म २० ऑक्टोबर १९३१ रोजी ओक्लाहोमा राज्यात झाला आणि तेथीलच कॉमर्स नावाच्या गावी तो वाढला. हा भाग शिसे आणि जस्ताच्या खाणींचा. त्याचा बाप मट मँटल खाणीत काम करी आणि उरलेला जीव बेसबॉलवर ओवाळून टाकी. मुलाचे नावही त्याने मिकी कॉक्रेन या गाजलेल्या खेळाडूवरून ठेवले. खाणीतून परतल्यावर बाप उजव्या हाताने चेंडू फेकी, आजोबा डाव्या हाताने; आणि पोराने त्या मानाने बाजू बदलून खेळायचे. दोन्ही बाजूंनी तितक्याच ताकदीने मारणारा फलंदाज असा त्या अंगणात तयार झाला. शाळेत असताना पायाला लागलेल्या मारातून हाडात जंतुदोष शिरला आणि पाय जातो की काय अशी वेळ आली. नव्यानेच उपलब्ध झालेल्या पेनिसिलिनने तो वाचविला. या आजाराचा संबंध पुढे अनपेक्षित रीतीने आला, म्हणून येथे सांगितला.

न्यूयॉर्कच्या यांकीज या बलाढ्य संघाने १९४९ मध्ये त्याला करारबद्ध केले. प्रमुख लीगच्या खाली पायऱ्यापायऱ्यांनी लहान लीग असतात. तेथे उमेदवारी करीत वर चढायचे अशी रीत आहे. मँटल १९५० मध्ये खालच्या पायरीवरील जॉप्लिनच्या संघात होता. तेथे त्याची सरासरी ३८३ होती आणि होम रन २६. १९५१ च्या वसंतात सरावाच्या सामन्यांत त्याने ४०२ ची सरासरी आणि नऊ होम रन अशी कामगिरी केली, आणि मधल्या पायऱ्या गाळून त्याला थेट यांकीजमध्ये घेण्यात आले. तो जो डिमॅजिओचा शेवटचा हंगाम होता. डिमॅजिओ म्हणजे त्या काळचे दैवतच. त्याच्या जागी कोण, याचे उत्तर पत्रकारांनी लगेच देऊन टाकले. त्याला पाठीवरचा क्रमांकही सहा मिळाला. बेब रूथचा तीन, गेरिगचा चार, डिमॅजिओचा पाच, त्यापुढचा हा सहा! एकोणीस वर्षांच्या खेडवळ पोराच्या पाठीवर त्या आकड्यातून केवढे ओझे ठेवले जात आहे, हे कोणाच्या ध्यानी आले नसेल असे नाही. परंतु अशा वेळी उत्साहाला आवर कोण घालतो?

पहिले काही आठवडे ठीक गेले. मग पिचर मंडळींनी त्याचा अभ्यास सुरू केला. होतकरू फटकेबाजाच्या पडत्या काळाचे पहिले आणि सर्वांत महत्त्वाचे कारण हेच असते. खालच्या लीगमध्ये पिचर बहुधा आपल्याला जमेल तो चेंडू टाकतो; वरच्या लीगमध्ये तो फलंदाजाला न जमणारा चेंडू टाकतो. प्रत्येक फलंदाजाच्या बॅटच्या फेऱ्यात कोठेतरी एक पोकळी असते. मँटलची पोकळी छातीच्या उंचीवरून येणाऱ्या वेगवान चेंडूत होती. तो चेंडू डोळ्यांसमोर मोठा दिसतो, मोह पाडतो, आणि बॅट त्याच्या खालून निघून जाते. एका पिचरला हे उमगले की दुसऱ्याला कळण्यास आठवडाही लागत नाही. ३० मे रोजी बॉस्टनमध्ये एकापाठोपाठ दोन सामने होते. मँटल त्यांत लागोपाठ पाच वेळा स्ट्राइक-आउट झाला आणि अखेर त्याच्या जागी दुसरा खेळाडू उतरविण्यात आला.

दुसरे कारण मनाचे. मँटल तापट होता, आणि त्याचा ताप स्वतःवरच निघे. बाद होऊन परतला की लाथा झाडायच्या, पाण्याच्या पिंपावर राग काढायचा. पुढच्या संधीला तो मागच्या अपयशाची भरपाई करण्यासाठी अधिक जोराने बॅट फिरवी, आणि जोर जितका अधिक तितकी नजर चळे. त्यात कोरियाचे युद्ध चालू होते. हाडाच्या त्या जुन्या आजारामुळे सैन्यभरतीच्या मंडळाने त्याला अपात्र ठरविले होते. एवढा धडधाकट दिसणारा मुलगा युद्धावर का जात नाही, असा ओरडा झाला. फेरतपासणी झाली, निर्णय तोच राहिला, आणि मैदानात त्याला भ्याड म्हणून हिणविणारे गप्प बसले नाहीत.

तिसरे कारण असे की ते कारणच नव्हे. ते म्हणजे निव्वळ योगायोग. सारीपाट खेळलेल्या माणसाला हे शिकवावे लागत नाही. हवे ते दान कधी तीनदा लागोपाठ पडते, तर कधी तासभर तोंड दाखवीत नाही. फासा मात्र तोच असतो. समजा, एका फलंदाजाची खरी योग्यता हजारी २७० आहे. शंभर संधींत त्याने २७ यशस्वी फटके मारावे अशी आपली अपेक्षा. गणित सांगते की त्याच्या कौशल्यात तिळमात्र फरक न पडताही, अशा शंभर-शंभर संधींच्या तुकड्यांपैकी सुमारे दोन-तृतीयांश तुकड्यांतच तो आकडा २३ ते ३१ च्या दरम्यान राहील. उरलेल्यांत तो याहून वर जाईल किंवा खाली घसरेल. शंभर संधी म्हणजे जवळजवळ महिन्याभराचा खेळ. महिनाभर २१० ची सरासरी पाहून वर्तमानपत्रे ज्याचा मृत्युलेख लिहावयास बसतात, त्याचे काहीही बिघडलेले नसण्याचा संभव असतो. लागोपाठ वीस संधींत एकही फटका न बसणे ही आपल्याला केवढी नामुष्की वाटते! परंतु याच २७० च्या फलंदाजाला पाचशे संधींच्या हंगामात असा कोरडा पट्टा केवळ योगायोगाने चार-पाच हंगामांतून एकदा तरी गाठणारच. संघातील आठ फलंदाज लक्षात घेतले तर दरवर्षी कोणा ना कोणावर ही पाळी येते. ती ज्याच्यावर येते त्याला मात्र हे गणित दिलासा देत नाही.

जुलैच्या मध्यावर यांकीजचे व्यवस्थापक केसी स्टेंगेल यांनी मँटलला कॅन्सस सिटीच्या दुय्यम संघात परत पाठविले. त्या वेळी त्याची सरासरी २६० च्या घरात होती आणि होम रन सात. आकडे काही लाजिरवाणे नव्हते. परंतु स्ट्राइक-आउट वाढत होते, आणि मुलगा आतून मोडत चालला होता. कॅन्सस सिटीत पहिल्याच संधीला त्याने बॅट हलकेच आडवी धरून चेंडू टेकविला आणि धावत पहिले ठाणे गाठले. फटका यशस्वी ठरला. पण असले टेकू मारण्यासाठी तुला येथे पाठविलेले नाही, अशी समज तेथील व्यवस्थापकाने दिली. त्यानंतर सुमारे वीस संधी त्याला एकही यशस्वी फटका मारता आला नाही. त्याने धीर सोडला आणि बापाला दूरध्वनी केला.

पुढची हकीकत मँटलने स्वतः अनेकदा सांगितली आहे. मट मँटल कॉमर्सहून मोटारीने कॅन्सस सिटीला आला. मुलगा हॉटेलच्या खोलीत वाट पाहत होता. बाप पाठीवरून हात फिरवील, दोन धीराचे शब्द बोलेल, अशी त्याची अपेक्षा. आपल्याच्याने हा खेळ होत नाही, असे त्याने सांगताच बापाने सांत्वनाचा एक शब्दही न काढता त्याची बॅग ओढली आणि तो त्याचे कपडे त्यात कोंबू लागला. आपण पुरुष वाढविला असे वाटले होते, तो भित्रा निघाला; चल, माझ्याबरोबर खाणीत काम कर, असा त्या बोलण्याचा आशय होता. खाण म्हणजे काय हे मुलाने डोळ्यांनी पाहिले होते. त्याने आणखी एक संधी मागितली. बापाची ही रीत कठोर होती, आणि प्रत्येक मुलावर ती लागू पडेल असे मानणे धोक्याचे आहे. एखादा मुलगा खरोखरच बॅग उचलून चालू लागला असता. मटला आपला मुलगा ठाऊक होता, एवढेच येथे म्हणता येते.

मँटलने कॅन्सस सिटीच्या संघातून ४० सामने खेळून ३६१ ची सरासरी, ११ होम रन आणि ५० धावा मिळवून दिल्याची नोंद केली. ऑगस्ट सरण्यापूर्वी त्याला न्यूयॉर्कला परत बोलाविण्यात आले. या वेळी पाठीवर सहा नव्हता, सात होता.

ही कथा सांगून झाली की बहुतेकजण बापाच्या बोलण्याने चमत्कार झाला असे म्हणून थांबतात. परंतु चमत्कारावर विसंबून कोणत्याही संघाला दुसऱ्या मुलाबद्दल निर्णय घेता येणार नाही. त्याच १९५१ च्या मे महिन्यात, न्यूयॉर्कच्याच जायंट्स या संघात विली मेज हा वीस वर्षांचा तरुण आला. मिनिआपोलिसच्या दुय्यम संघात ३५ सामन्यांत त्याची सरासरी ४७७ होती. प्रमुख लीगमध्ये पहिल्या बारा संधी कोरड्या गेल्या. मग वॉरन स्पानसारख्या नामांकित पिचरला त्याने होम रन मारला. आणि पुन्हा दुष्काळ. पहिल्या २६ संधींत मिळून हा एकच यशस्वी फटका. मेजने आपल्याला खाली पाठवावे अशी विनवणी केली, तेव्हा व्यवस्थापक लिओ डुरोशर यांनी नेमके उलटे केले: तू येथेच राहणार आणि रोज खेळणार, असे त्याला बजावले. मेजने तो हंगाम २७४ ची सरासरी आणि २० होम रन घेऊन संपविला व नॅशनल लीगच्या सर्वोत्तम नवोदिताचा मान मिळविला. पुढे त्याचे होम रन ६६० झाले. एकाला खाली पाठविले, दुसऱ्याला वर ठेवले. एकाला बोचकारले, दुसऱ्याला गोंजारले. आणि दोघेही तरले. याचा अर्थ इलाजात फारसे रहस्य नव्हते. रोगी मुळात सशक्त होते.

मग ही सशक्तता ओळखायची कशावरून? सरासरीवरून नव्हे, कारण ती वर सांगितल्याप्रमाणे महिन्याभरात कशीही डोलते. पहिली खूण वयाची. बेसबॉलचा फलंदाज साधारणपणे सव्विसाव्या ते एकोणतिसाव्या वर्षी शिखर गाठतो. एकोणिसाव्या वर्षी जो प्रमुख लीगमध्ये २६० वर उभा राहतो, त्याच्यापुढे वाढीची सात-आठ वर्षे पडलेली असतात. हाच आकडा सत्ताविसाव्या वर्षी असेल तर त्याचा अर्थ निराळा. दुसरी खूण वॉकची. मँटल त्या हंगामात यांकीजसाठी ३४१ संधींत ७४ वेळा स्ट्राइक-आउट झाला हे सर्वांनी पाहिले. त्याने ४३ वॉकही मिळविले, हे फार थोड्यांनी मोजले. वाईट चेंडू सोडण्याची नजर शाबूत असेल, तर आत आलेला चेंडू मारण्याचे दिवस परत येतात. नजरच गेली तर मात्र काळजीचे कारण. तिसरी खूण फटका किती जोरात बसतो याची. हा जोर पूर्वी अनुभवी माणसे बॅटच्या आवाजावरून ओळखीत. २०१५ पासून प्रमुख लीगच्या प्रत्येक मैदानावर यंत्रे बॅटवरून निघालेल्या चेंडूचा वेग मोजतात. फटके जोरात बसत असूनही क्षेत्ररक्षकांच्या हाती जात असतील, तर व्यवस्थापक आता पूर्वीइतका घाबरत नाही.

फिलाडेल्फियाच्या माइक श्मिटने १९७३ चा हंगाम १९६ च्या सरासरीने संपविला आणि तो १३६ वेळा स्ट्राइक-आउट झाला. असा फलंदाज मोडीत काढावा असेच कोणीही म्हणाले असते. पण त्याने १८ होम रन मारले होते, साठावर वॉक मिळविले होते आणि वय होते तेवीस. पुढच्याच वर्षी ३६ होम रन मारून तो आपल्या लीगमध्ये पहिला आला. निवृत्त झाला तेव्हा त्याच्या नावावर ५४८ होते.

दुसरी बाजू सांगितली नाही तर अन्याय होईल. क्लीव्हलँडचा जो शार्बनो १९८० मध्ये अमेरिकन लीगचा सर्वोत्तम नवोदित ठरला. सरासरी २८९, होम रन २३. शहर त्याच्यामागे वेडे झाले. पुढच्या वसंतात त्याच्या पाठीला दुखापत झाली, सरासरी २१० वर आली, त्याला खाली पाठविले, आणि १९८२ मध्ये प्रमुख लीगमधील त्याचा खेळ संपला तो कायमचाच. पाठ दुखावली की बॅटचा फेराच हरवतो. तेथे धीर, शिस्त, बापाची कानउघाडणी यांपैकी काहीही उपयोगी पडत नाही. म्हणून फटकेबाज अचानक थंडावला तर आधी त्याचे शरीर तपासावे आणि मग त्याच्या मनाविषयी प्रवचने द्यावीत. ॲरन जज याची हकीकत याच जातीची. २०१७ मध्ये पहिल्या पूर्ण हंगामात त्याने जुलैच्या मध्यंतरापर्यंत ३० होम रन मारले. त्यानंतर त्याची बॅट मंदावली, ऑगस्टमध्ये सरासरी १८५ वर उतरली आणि लागोपाठ ३७ सामन्यांत तो निदान एकदा तरी स्ट्राइक-आउट झाला. त्याच्या मोठेपणाचा फुगा फुटला असे पुष्कळांनी जाहीर केले. सप्टेंबरमध्ये त्याने १५ होम रन मारले आणि नवोदिताच्या ५२ होम रनांचा त्या वेळचा विक्रम केला. हंगाम संपल्यावर त्याच्या डाव्या खांद्यावर शस्त्रक्रिया झाली. २०२२ मध्ये त्याच जजने ६२ होम रन मारून अमेरिकन लीगचा उच्चांक मोडला.

मँटलच्या शरीरानेही त्याला सुखाने खेळू दिले नाही. ५ ऑक्टोबर १९५१ रोजी, अजिंक्यपदाच्या मालिकेतील दुसऱ्या सामन्यात, विली मेजने उंच मारलेल्या चेंडूमागे धावताना त्याचा पाय मैदानातील पाण्याच्या मोरीच्या झाकणात अडकला आणि उजवा गुडघा निखळल्यासारखा झाला. मालिका पाहण्यासाठी बाप न्यूयॉर्कला आला होता. दोघे टॅक्सीने रुग्णालयात गेले. उतरताना मुलाने आधारासाठी बापाच्या खांद्यावर भार टाकला, आणि बाप तेथेच कोसळला. त्याला हॉजकिन्सचा रोग झाला असून तो पार पुढच्या अवस्थेला पोहोचला होता. दुखणे त्याने आतापर्यंत अंगावर काढले होते. एकाच खोलीत शेजारीशेजारी पलंगांवर पडून दोघांनी मालिकेचे उरलेले सामने पाहिले. मट मँटल १९५२ च्या मे महिन्यात वारला. त्याचे वय चाळीसच्या आसपास होते.

मुलाने १९५६ मध्ये ३५३ ची सरासरी, ५२ होम रन आणि मिळवून दिलेल्या १३० धावा अशा तिन्ही बाबतींत लीगमध्ये पहिला क्रमांक पटकाविला. त्याच हंगामात तो ९९ वेळा स्ट्राइक-आउटही झाला.